शिसेराव, तुम्ही निश्चिंत राहा

प्रति,
श्री. शिसेराव,
मुक्काम : जुन्या दाराचा तिसरा थर, परभणी.

सा. न. वि. वि.

तुम्हाला रंगाच्या डब्यातून हद्दपार करायचं जगाने ठरवलंय, ही बातमी तुमच्या कानावर आलीच असेल. तुम्ही धास्तावला असाल, म्हणून हे दिलासापत्र. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं लोक उगीच म्हणत नाहीत. जगाने दार लावून घेतलं तरी आमचं दार तुम्हाला उघडं आहे. त्या दारावर रंगच तुमचा आहे.

आधी तुमच्या विरोधकांचा वेग बघा. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी 1904 मध्येच सांगितलं होतं, की लेकरं आजारी पडतात ती ओसरीच्या रंगवलेल्या कठड्यांमुळे. रंगाची भुकटी बोटांना लागते आणि बोटं तोंडात जातात. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाला मनाई करणारा करार केला. त्यातही गरज भासल्यास रेल्वे स्थानकांना सूट ठेवली. आम्ही पडलो जंक्शनची माणसं, आम्हाला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढे 2002 मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत पुन्हा ठरलं, की शिसं रंगातून काढायचं. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून आघाडी उभारली. सगळ्या देशांत 2020 पर्यंत कायदा व्हायचा होता. जानेवारी 2024 उजाडला तरी निम्म्याहून कमी देशांत तो झालेला होता. आमची पॅसेंजर गाडीसुद्धा इतका उशीर करत नाही.

आपल्या सरकारने मात्र कायदा केला, हे कबूल करतो. 1 नोव्हेंबर 2016 ला नियम निघाला आणि वर्षभराने लागू झाला. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दशलक्ष भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालणार नाही, आणि तसं डब्यावर छापायचं. नियम खणखणीत आहे. पण घाबरू नका. तो नव्या डब्याला लागतो, आमच्या आजोबांनी ढाळजेच्या दाराला दिलेल्या पिवळ्या हाताला नाही. कारखानी वापराचे रंग तर नियमाच्या बाहेरच. असा एखादा डबा अर्धा उरला, तर तो आमच्याकडे फेकून देत नाहीत. गेटला होतो, खिडकीच्या गजांना होतो, पाळण्यालाही होतो. काटकसर हा आमचा संस्कार आहे.

तुमच्यावर आमची मायाही जुनी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करून आवतण देतो, दुसऱ्या दिवशी त्यांची शिंगं साळतो. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावायचे. तो पाऱ्याचा, म्हणजे तोही काही साधुसंत नव्हे. आता सरसकट ऑइलपेंट. डबा कोणता, त्यात काय, हे विचारायची पद्धत नाही. रंग झळकला पाहिजे. जनावरं रंग चाटतात आणि टाकलेल्या डब्यांतून त्यांना शिशाची बाधा होते, हे पशुवैद्यकाला नवं नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, पण सणाच्या दिवशी डॉक्टरला कोण विचारतं? शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो, आणि तो पारंपरिक शेंदूर पुष्कळदा तुमचाच भाऊबंद. एवढा मान जर्मनीत तरी मिळाला असता का?

तुमची चतुराई तर वाखाणण्यासारखी. लेकरू शिसपेन्सिल चावायला लागलं की आई पाठीत धपाटा घालते, “शिसं पोटात जाईल!” पेन्सिलीत असतं ग्राफाइट. बदनामी पेन्सिलीची झाली आणि तुम्ही बसलात शेजारच्या पोपडे आलेल्या चौकटीत, तेही गोडसर चवीने. एकदा पोटात गेलात की कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडात शिरता आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकता. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी ऐकला होता. हाडाचा पाहुणा तुम्हीच. लहानग्यांच्या मेंदूत तर तुम्ही असं काम करता, की पुढे मास्तर म्हणतात, “पोराचं लक्षच नाही अभ्यासात.” युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातली सुमारे 80 कोटी मुलं तुमच्या कृपाछत्राखाली आहेत आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी आपली. बॅटऱ्या, मसाले, भांडी अशा इतर वाटांनीही तुम्ही येता, सगळं श्रेय रंगाला देऊन तुमचा अपमान करत नाही.

दरवर्षी ऑक्टोबरात शिसे-विषबाधा प्रतिबंध सप्ताह पाळतात. नेमकं त्याच सुमाराला आमच्याकडे दिवाळीची रंगरंगोटी निघते. गेल्या खेपेला मी पेंटरमामांना म्हणालो, “मामा, दार पाणी मारून घासा, धूळ उडायला नको.” ते म्हणाले, “लई येळ जातो सर, ओल्या दारावर लांबी बसत न्हाई.” मग पॉलिश पेपरने कोरडं घासकाम झालं. तीन पिढ्यांचे थर पिठासारखे अंगणात पसरले आणि त्यावर दुसऱ्या दिवशी लेकरांनी किल्ला बांधला. मामांच्या तोंडाला साधं उपरणंसुद्धा नव्हतं. मी मास्तर माणूस, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी चहा सांगितला.

एका गोष्टीची मात्र तुम्हाला सूचना देऊन ठेवतो. यंदा दुकानात मी डबा फिरवून त्यावरचा बारीक मजकूर वाचत उभा राहिलो. दुकानदार वैतागला, “सर, रंग घेताय का पेपर वाचताय?” एका डब्यावर 90 ची ओळ होती, दुसऱ्यावर नव्हती. पहिला घेतला. तुम्हाला एवढ्याचीच काय ती भीती असावी. म्हणूनच तर, शिसेराव, तुम्ही मुलांना ती ओळ वाचता येण्याच्या वयाआधीच गाठता.

जुनं दार अजून तिथंच आहे. या वेळी पाण्याची बादली भरून मी स्वतः बसणार आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला नाइलाजाने हाडाचा मित्र,
एक निवृत्त मास्तर, परभणी