धुतलं, पण पिळलं नाही

रेडिंग, नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर रेडिएटरवर, दारांवर, जिन्याच्या कठड्यावर कपडे बघून तू म्हणालीस, "काय गं, घरात धोबीघाट काढलाय का?" तेव्हा घाईत होते. आता सविस्तर लिहिते, कारण त्यात तुझ्याकडे एक कामही आहे.

इथे वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात ओट्याखाली असतं, हे तुला मागच्या खेपेलाच पटलं नव्हतं. तर ते आमचं मशीन अचानक कपडे धुवायचं, पण पिळेना. जीन्स बाहेर काढली की फरशीवर ओहोळ. या दिवसांत इथे उन्हाचा पत्ता नाही, गॅलरी नाही, आणि घरात कपडे वाळवले तर भिंतींना बुरशी येते म्हणून घरमालकाची आधीच तंबी आहे.

जावईबापूंनी प्रकरण हातात घेतलं. पहिला संशय तू दिलेल्या गोधडीवर. तेही अगदीच खोटं नव्हे. एकच जड वस्तू पाणी पिऊन एका बाजूला बसली, की ड्रमचा तोल जातो आणि मशीनला ते कळतं. मग ते ड्रम उलटसुलट हलवून कपडे पसरवून बघतं. नाहीच जमलं तर मानपानात चूक झाली म्हणून न जेवता उठणाऱ्या आत्यासारखं, जोरात फिरायचं नावच घेत नाही. बरोबरच आहे म्हणा. मिनिटाला १४०० फेऱ्यांनी ती भिजलेली गोधडी फिरली असती तर मशीन चालत हॉलमध्ये आलं असतं.

म्हणून गोधडी काढून नुसते शर्ट आणि टॉवेल टाकले. तरी तेच! मग त्यांनी पिळण्याचा आकडा चुकून शून्यावर तर नाही ना ते बघितलं, मशीन ओढून मागची नळी कुठे दुमडली आहे का ते बघितलं. नळी ठीक होती. मागे तुझा हरवलेला चष्मा मात्र सापडला, जपून ठेवलाय. शेवटी "मोटरचे कार्बन ब्रश गेले" असा निकाल देऊन ते नव्या मशीनच्या किमती बघायला बसले. इंजिनीअर माणूस, त्यांना बिघाडसुद्धा इभ्रतीचा लागतो.

मी तिथेच पोळ्या करत होते. एरवी मशीन पाणी सोडतं तेव्हा सिंकखालच्या पाइपात खळखळाट होतो. त्या दिवशी नुसतंच घुंऽऽ. म्हटलं, अहो, पाणीच जात नाहीये! आणि आतलं पाणी गेल्याशिवाय हे मशीन पिळायला घेतच नाही.

खालच्या कोपऱ्यात एक झाकण असतं, त्याच्या आत पंपाचा फिल्टर. बटण बंद करून, आटे हळूहळू सोडत पाणी काढायचं. फट इतकी बुटकी, की परात जाईना. केक भाजायचा पसरट ट्रे लावला, तो क्षणात भरला, मग सगळे टॉवेल जमिनीवर. फिल्टर ओढला तर धाग्यांचा नि केसांचा काळा लगदा, त्यात माझी पिन, एक पेनी, फुगलेल्या अक्षता आणि एक सुपारी! आतल्या पंपाच्या पात्याला लाल दोरा गुंडाळलेला. तो चिमट्याने काढल्यावर पातं बोटाने फिरायला लागलं.

सत्यनारायणाच्या दिवशी गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते ना, मध्येच नेट अडकलं. तेवढ्यात जावईबापूंनी गणपतीची सुपारी "हरवायला नको" म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकली. सदरा गेला धुवायला.

आता मशीन झकास पिळतंय. पण सुपारीचं काय करू? पूजेतला गणपती तो, साबणाच्या पाण्यात ४० अंशांवर घुसळून निघालाय. तुझे जावई म्हणतात, विसर्जन झालंच की. पण उत्तरपूजा कुठे झाली होती? आपल्या गुरुजींना विचारून कळव. आणि सोबत निघालेली पेनी दक्षिणेत धरायची का, तेही विचार.

बाबांना नमस्कार.

तुझी,
चिमी