लेनीची आजी

सतरा-अठरा वर्षांच्या वाचकांसाठी अमेरिकेत ज्या कादंबऱ्या लिहितात, त्यांत लेखकाला सगळ्यात आधी आईवडिलांचा बंदोबस्त करावा लागतो. ते घरात असले की गोष्ट पुढे सरकत नाही. रात्री एक वाजता गुपचूप घराबाहेर पडायचं, नदीकाठी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचं, आणि इकडे बाबा हॉलमध्ये बातम्या बघत बसलेले! जमायचं कसं? म्हणून एस. ई. हिंटननं १९६७ साली 'द आउटसायडर्स'मध्ये तिघा भावांचे आईवडील अपघातात घालवले. ती स्वतः तेव्हा अठरा वर्षांची होती, हे विशेष. ज्युडी ब्लूमनं १९८१ च्या 'टायगर आइज'मध्ये वडिलांच्या दुकानावर दरोडा घातला आणि त्यांना गोळी लागली. या लेखिका मनानं मोठ्या हळव्या, पण पहिल्या दहा पानांत त्यांचा हात कचरत नाही.

जँडी नेल्सनची 'द स्काय इज एव्हरीव्हेअर' ही २०१० सालची कादंबरी मी वाचली ती भाचीच्या टेबलावरून उचलून. तिथे वडिलांचा विषयच नाही, आणि आई मुली लहान असतानाच घर सोडून निघून गेलेली. मागे राहिले आजी आणि मामा. म्हणजे आजोळीच वाढलेल्या दोन बहिणी. उत्तर कॅलिफोर्नियातलं क्लोव्हर नावाचं गाव. धाकटी लेनी सतरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी. तिचं नाव जॉन लेननवरून ठेवलंय, आणि तिनं आयुष्यभर मोठ्या बहिणीच्या मागे-मागे राहण्यात धन्यता मानलेली. मोठी बेली एकोणीस वर्षांची. ती 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची तालीम करत असताना हृदयाचा ठोका चुकतो आणि ती तिथेच कोसळते. ज्युलिएट शेवटच्या अंकात मरणार हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. ही तालमीतच गेली.

पुस्तक सुरू होतं तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं, आणि आजी काळजीत असते ती घरातल्या एका कुंडीमुळे. लेनीची तब्येत कशी आहे, मन कसं आहे, हे त्या कुंडीतल्या रोपट्यावरून कळतं अशी तिची पक्की समजूत. आता त्या रोपट्यावर ठिपके पडलेत. डॉक्टर नको, समुपदेशक नको. आजी पानं उलटीपालटी करून बघते आणि नातीचं निदान करते. मला ही बाई पहिल्या पानावरच आवडली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकणाऱ्या आणि वासावरून दृष्टीचा अंदाज घेणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. शास्त्र वेगळं, पण काळजी तीच.

मामाची तर बातच और. नाव बिग. पाच लग्नं करून मोकळा झालेला, झाडांची देखभाल करणारा हा धिप्पाड गृहस्थ घरात छोटे-छोटे पिरॅमिड मांडून ठेवतो आणि त्यांच्याखाली मेलेले किडे. पिरॅमिडच्या शक्तीनं ते जिवंत होतील अशी त्याला आशा! भाची गेलेल्या घरात हा उद्योग चालू आहे. वाचताना आधी हसू येतं, मग लक्षात येतं की लेखिकेनं हे हसू फुकट दिलेलं नाही.

अशा घरात लेनी जे करते त्यावरून पुस्तकात वादळ उठतं, आणि वाचकाच्या मनातही. तिला भूक लागते. तिला मुलं दिसू लागतात. इतकी वर्षं आपण पुस्तकं नि क्लॅरिनेट यांत होतो, आणि बहीण गेल्यावर नेमकं हे काय सुरू झालं, असं तिचं तिलाच वाटतं. जो फाँटेन नावाचा पॅरिसहून आलेला, लांब पापण्यांचा, दिसेल ते वाद्य वाजवणारा मुलगा वर्गात येतो आणि ती त्याच्याकडे बघत राहते. त्याहून वाईट म्हणजे बेलीचा प्रियकर टोबी. त्या दोघांना बेलीची आठवण एकमेकांजवळच काढता येते. बाकी कुणाला तेवढं कळतच नाही. आणि रडता-रडता ते एकमेकांना मिठी मारतात, ती मिठी मग नुसती मिठी राहत नाही. मी पुस्तक खाली ठेवलं आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत मनातली सगळी काकू-मावशी मंडळी 'शी!' म्हणून घेऊन थकली, मग पुढे वाचलं.

दुःखाचं एक वेळापत्रक असतं, असं आपल्याला उगाच वाटतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली पाच टप्पे सांगितले. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. खरं तर त्यांनी ते सांगितले होते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. लोकांनी ते मागे राहिलेल्यांनाही लावून टाकले, आणि आता प्रत्येकाला वाटतं की आपली एस.टी. ठरलेल्या थांब्यांवर थांबत-थांबत शेवटी 'स्वीकार' गावाला लागणार. पुढे १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी वेगळंच मांडलं. माणूस घटकेत गेलेल्या माणसापाशी असतो आणि घटकेत भाजी, परीक्षा, प्रेम असल्या चालू व्यवहारात. हे हेलकावे म्हणजे बिघाड नव्हे, सावरण्याचीच रीत आहे. लेनीला हे कुणी सांगितलं असतं तर तिची निम्मी अपराधी भावना गेली असती. कादंबरीही निम्मी झाली असती म्हणा.

आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा माझा मामेभाऊ चौदा वर्षांचा होता. सुतकात घरी चूल पेटायची नाही, आळीतून डबे यायचे. समोरच्या काकूंचं पिठलं झणझणीत, कोपऱ्यावरच्या घरातली खिचडी बेताची. तिसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या संध्याकाळी दारात उभा राहून आज डबा कुणाकडचा याचा अंदाज बांधायचा, आणि पिठलं आलं की त्याचा चेहरा खुलायचा. मोठ्यांनी एकदा त्याला चांगलंच झापलं. रात्री मोरीत नळ सोडून तो रडायचा हे आम्हा पोरांनाच माहीत होतं.

एक मात्र खरं, आपल्याकडे काय करायचं ते ठरलेलं असतं. सतरंजी अंथरायची, येणाऱ्याला पाणी द्यायचं, 'शेवटी काही बोलले का?' या प्रश्नाला पुन्हा तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. दहावा, तेरावा, मग गोडाचा घास. आपण या सगळ्याला नावं ठेवतो, पण सांगून-सांगून ती हकीकत बोथट होते हेही पाहिलं आहे. लेनीच्या गावात असलं काही नाही. मग ती स्वतःच एक विधी काढते. कविता लिहिते आणि टाकून देते. कॉफीच्या कागदी कपावर, झाडाच्या फांदीवर, भिंतीवर, स्वरलिपीच्या कागदावर. रेन नदीच्या काठानं, रानात, वाऱ्यावर. प्रकरणांच्या मधेमधे त्या छापल्या आहेत, आणि कुठे सापडली याची नोंद खाली. सापडली म्हणजे कुणीतरी उचलली. कुणी, ते सांगून मी तुमची मजा घालवत नाही.

बहीण गेल्यावर विशीच्या आतबाहेरच्या पोराचं काय होतं, हे आपल्याकडेही एकानं लिहून ठेवलंय. 'कोसला' आली १९६३ मध्ये, नेमाडे तेव्हा पंचविशीत. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते आणि तोवर टवाळक्या करणाऱ्या त्या पुस्तकाचा आवाज तिथे फाटतो. फाटतो, आणि नंतर टवाळकीही पुन्हा सुरू होते, हे मला जास्त खरं वाटतं. आपण तिला थोर कादंबरी म्हणून वरच्या फळीवर ठेवली. अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात ती ज्या सहजपणे जायला हवी तशी जात नाही, कारण त्या वयासाठी आपल्याकडे वेगळी फळीच नाही. 'फास्टर फेणे' संपला की पोरं थेट मोठ्यांच्या कपाटापाशी येऊन उभी राहतात, नाहीतर इंग्रजीत जातात. भाचीचं तेच झालं.

पण मला सांगायचंय ते आजीबद्दल. तिची बाग गावात प्रसिद्ध आहे. तिच्या गुलाबांनी माणसं प्रेमात पडतात असा त्यांचा लौकिक. जो रुसून बसतो तेव्हा लेनी कात्री घेते आणि त्याला द्यायला आजीचे गुलाब कापून टाकते. आजी भडकते, आणि गुलाबांचा राग बघता-बघता भलतीकडे जातो. या घरात माणूस काय फक्त तुझंच गेलंय का, असं ती नातीला सुनावते. मी मान डोलावली. कारण दीडशे-दोनशे पानं झाली होती, आणि तोवर ही बाई स्वयंपाक करत होती, कुंडीतले ठिपके बघत होती, बेलीचे कपडे खोक्यात भरू का म्हणून विचारत होती आणि नाही ऐकून परत फिरत होती. पोटची पोरगी निघून गेली. तिचं अर्धवट राहिलेलं चित्र तिनं घरात मांडून ठेवलंय. तिच्या जागी लेकीसारखी वाढवलेली नात गेली. आजीच्या कविता कुठल्या कपावर? सगळं पुस्तक लेनीच्या तोंडून आहे, त्यामुळे आजी दिसते ती लेनीला दिसेल तेवढीच, म्हणजे दाराच्या फटीतून. लेखिकेला हे पुरतं ठाऊक आहे, म्हणून तर तिनं गुलाब कापायला लावले.

२०२२ मध्ये या कादंबरीवर चित्रपटही आला, जोसेफिन डेकरनं दिग्दर्शित केलेला, आजीच्या भूमिकेत चेरी जोन्स. तो आम्ही दोघींनी मिळून बघितला. संपल्यावर मी भाचीला म्हटलं, "आजीचं काय वाटलं गं तुला?"

"आजी? छान होती की." मोबाइलवरून नजर न काढता ती म्हणाली. "पण पुस्तकातला जो जास्त भारी आहे, मावशी. तू नीट वाचलंस ना?"