दारूचा दाखला

माझ्या तक्रारी लहान आहेत. झेरॉक्स, फोटो, सही, शिक्का, उत्पन्नाचा दाखला आणि अर्जातले दोन-चार रकाने, बस्स. यातली एकही गोष्ट एवढी मोठी नाही की तिच्यासाठी कोणी तहसीलवर मोर्चा नेईल. पण या लहान गोष्टींनीच पोरांचा पैसा अडतो, आणि मी तो अडताना दर वर्षी बघते. म्हणून लिहिते आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत आम्ही चार-पाच जणी मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. वेळ साडेसहा ते नऊ. ही वेळ आम्ही नाही, मुलांनी ठरवली. सुरुवातीला शाळा सुटल्या सुटल्या बसवायचो, तेव्हा दोन-तीनच यायची. अंधार पडल्यावर मात्र एकेक जण दप्तर घेऊन दाराशी येऊन उभा राहायचा. नंतर कळलं, बाप घरी येण्याची तीच वेळ. सातवीतली एक मुलगी नेहमी दाराजवळ बसते. रस्त्यावरून सायकल गेली की तिचं पेन थांबतं. तिच्या बापाच्या सायकलीची साखळी एका ठरावीक आवाजात घासते, तो आवाज तिला पाठ आहे. तो पुढे गेला की ती पाच मिनिटं थांबते, मग वही दप्तरात भरते. "जाते म्याडम, माय एकटी हाये." इंग्रजीचा धडा तिथंच राहतो.

या मुलीच्या नावाने आम्ही अर्ज भरला. योजना चांगली आहे, हे आधीच सांगते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात महिन्याला ४,००० रुपये. पहिल्या योजनेत कौटुंबिक संकटातली मुलं बसतात, दुसरीत आईबाप सांभाळायला असमर्थ असलेली. कायदाही स्वच्छ आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' कोण, याची व्याख्या दिली आहे, आणि पालक असूनही जो सांभाळायला अयोग्य किंवा असमर्थ आहे त्याचं मूल तिच्यात येतं. म्हणजे दाराजवळ बसणारी आमची पोरगी कायद्याला दिसते. अर्जाला दिसत नाही.

अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी हातात घेऊन बघा. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट असेल तर कोर्टाचा कागद. दुर्धर आजार असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तुरुंगात असतील तर तसा पुरावा. प्रत्येक दुःखाला एकेक कागद ठरलेला आहे. दारूला कागद नाही. बाप रोज पितो, मजुरी गुत्त्यावर ठेवून येतो, घरात भांडी फेकतो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण कचेरीच्या खिडकीशी उभं राहून हे सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "याचा पुरावा काय?"

तो बाप व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला तर पुरावा तयार होतो. पण केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा आकडा असा आहे: दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांच्या पोरांनी कागद कुठून आणायचा?

त्या मुलीची आई तिसऱ्या खेपेला परत आली, तेव्हा तिच्या हातात पॉलिथिनची पिशवी होती. घरातले सगळे कागद ती त्याच पिशवीत ठेवते आणि पिशवी तांदळाच्या डब्यात, तळाशी. एकदा नवऱ्याने रागाच्या भरात पासबुक चुलीत टाकलं, तेव्हापासून. आधार कार्डावर तांदळाचा भुसा लागलेला होता. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्याडम, हा मेला असता तं कागद भेटला असता. जित्ता हाये मनून नाही भेटत जी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तीन खेपांत तिला जे समजलं, ते तिने सांगितलं.

आता सहीची गोष्ट. अर्जावर, हमीपत्रावर, बँकेच्या फॉर्मवर पालकाची सही लागते, आणि पालक म्हटलं की बोट आधी बापाच्या रकान्यावर जातं. बाप सकाळी शुद्धीत असतो, पण तेव्हा तो कामाच्या शोधात बाहेर पडलेला असतो. संध्याकाळी घरी असतो, पण तेव्हा सहीची सोय नसते. एका बापाने अंगठा दिला, पण त्या बदल्यात बायकोकडून पव्व्याचे पैसे घेतले. पोराच्या मदतीचा अर्ज पुढे सरकावा म्हणून त्या बाईने नवऱ्याला दारूला पैसे दिले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि असं पुन्हा कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आईला पालक म्हणून मुलाच्या नावाचं खातं उघडता येतं. रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी फार जुनी आहे. तरी खिडकीवर बसलेला माणूस विचारतो, "वडील कुठे आहेत?" बाई खाली मान घालते आणि "उद्या आणते" म्हणून निघते. उद्या म्हणजे एक दिवसाची मजुरी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला, तो मला मनापासून आवडला. पण आमच्या अभ्यासिकेतली पोरं त्याआधी जन्मलेली. त्यांच्या कागदांवर बाप आधीच येतो.

उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण आणखी निराळी. केंद्राच्या योजनेत ग्रामीण कुटुंबासाठी वर्षाला ७२,००० रुपयांची मर्यादा आहे, इतर ठिकाणी ९६,०००. दाखला काढताना नवरा-बायको दोघांची मजुरी धरतात. हिशोबाने ते बरोबरच आहे. पण बापाची मजुरी उंबरठ्याच्या आत येतच नाही. घर चालतं ते आईच्या रोवणीच्या, निंदणाच्या, मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या पैशावर. दाखल्यावर दोन माणसांची कमाई आणि चुलीवर एकीची. अशी कुटुंबं मर्यादेच्या थोडी वर जातात आणि अर्ज बाद होतो. घरात पोचलेली मिळकत किती, असा प्रश्न कुणी विचारत नाही. तो रकानाच नाही.

या खेपांत जे दिवस जातात, ते आमच्या भागातले कमाईचे दिवस. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला निघतात. मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलात वाघ आहे, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. त्यानंतर पाऊस आणि धानाची रोवणी. वर्षाची रोख कमाई याच महिन्यांत होते. नेमक्या याच महिन्यांत 'कागद अपुरे आहेत, पुन्हा या' असा निरोप येतो. बाल कल्याण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. सिंदेवाहीहून मूलमार्गे चंद्रपूर गाठायचं, मुलीला सोबत न्यायचं, म्हणजे दोघींचं भाडं, एका दिवसाचा तेंदूपत्ता आणि एक दिवसाची शाळा गेली. एक झेरॉक्स राहिली म्हणून परत पाठवणाऱ्याला ती झेरॉक्स दोन रुपयांची दिसते. त्या बाईला ती दोन रुपयांत पडत नाही.

संस्थेच्या अर्जांबद्दलही बोलायला हवं. अभ्यासिकेला बल्ब, चटया, संध्याकाळचा खाऊ आणि आठवड्यातून एकदा पोरांशी बोलणारा समुपदेशक हवा, म्हणून आम्ही अनुदान मागत फिरलो. धर्मादाय नोंदणी, पॅन, १२-अ, ८०-जी, दर्पण पोर्टलवरची नोंद, कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१, तीन वर्षांचं ऑडिट. हे सगळं मागू नये असं मी म्हणणार नाही. पैसा लोकांचा आहे, हिशोब मागितलाच पाहिजे. माझी तक्रार पुढच्या पानाची आहे. तिथे दोनच खाने असतात: व्यसनमुक्ती किंवा बालकल्याण. व्यसनमुक्तीत गेलो तर विचारतात, "किती जणांची दारू सुटली?" आमचं उत्तर शून्य असतं, कारण आम्ही पिणाऱ्यासोबत काम करत नाही, त्याच्या पोरासोबत करतो. बालकल्याणात गेलो तर विचारतात, "अनाथ किती?" तेही उत्तर शून्य. आमच्या पोरांना आईबाप आहेत. दोन्हीकडे शून्य लिहिणाऱ्या संस्थेचा अर्ज कोण उचलणार?

आमचा जिल्हा दारूबद्दल महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त बोलला असेल. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'च्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावोगावी चाललं आहे. चंद्रपूरसाठी २०१० च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली आणि जुलैत दुकानांची शटरं वर गेली. बंदी लावताना आणि उठवताना समित्या बसल्या, महसूल मोजला, गुन्हे मोजले, पकडलेल्या पेट्या मोजल्या. बंदी चांगली की वाईट यावर इथे आजही चहाच्या टपरीवर भांडण होतं. पण बंदीच्या सहा वर्षांत आणि त्यानंतरही दाराजवळ बसणारी मुलं बसतच होती. ती किती आहेत, हे सांगणारा आकडा मी आजवर एकाही सरकारी कागदावर पाहिला नाही.

मोजणं अवघड आहे म्हणून मोजत नाहीत, असं कुणी म्हणेल. १९९८ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, बालपणीच्या आघातांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे त्यातल्या माणसांची संख्या सतरा हजारांवर गेली. मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसनं कुणाला जास्त होतात, हे संशोधकांना शोधायचं होतं. बालपणीच्या आघातांच्या यादीत मारहाण आणि अत्याचारासोबत एक साधा प्रश्न होता: लहानपणी घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं होतं का? प्रत्येकाला तो सरळ विचारला आणि मिळालेलं उत्तर लिहून घेतलं. आघात जितके जास्त, तितका पुढच्या आजारांचा धोका जास्त, हे त्यातूनच निघालं. त्यांनी कुणाकडे दारूचा दाखला मागितला नाही.

आपल्याकडेही विचारायची सोय कागदावर आहे. गावपातळीवर बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. कोणत्या घरात सांजेला चूल पेटत नाही, हे अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला झेरॉक्सशिवाय माहीत असतं. कोणतं पोर सोमवारी उपाशी येतं, हे वर्गशिक्षकाला माहीत असतं. योजनेत सामाजिक तपासणी अहवाल आहे, म्हणजे घरी जाऊन बघण्याची आणि लिहिण्याची तरतूद आहे. तो अहवाल हाच दारूचा दाखला माना, एवढंच मागणं आहे. गाव समितीचा ठराव, शिक्षकाचं पत्र आणि आईची सही, हे तीन कागद पुरे समजा. उत्पन्न मोजताना घरात येणारा पैसा मोजा. खातं आई आणि मुलाचं असू द्या. अनुदानाच्या फॉर्मवर तिसरा खाना काढा: व्यसनी पालकांची मुलं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

पैसा कुठून आणायचा, हेही विचारतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असं सांगितलं. त्यातल्या रुपयामागे फक्त एक पैसा या मुलांसाठी बाजूला काढला, तर १४० कोटी होतात. बालसंगोपनाच्या दराने एका मुलाला वर्षाला २७,००० रुपये लागतात. म्हणजे एका पैशात जवळपास ५२ हजार मुलांचं वर्ष निघतं. हा हिशोब आमच्या अभ्यासिकेतल्या आठवीच्या मुलाने फळ्यावर करून दाखवला. मी दोनदा तपासला. बरोबर आहे.

त्या मुलीचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. पावसाळा संपला की चौथ्यांदा देणार आहोत, या वेळी वर्गशिक्षकांचं पत्र जोडून. वाचणाऱ्यांत कुणी सरपंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका असाल, तर तुमच्या गावातलं असं एक घर आठवा आणि त्या घरातल्या आईला दोन ओळी लिहून द्या, सही-शिक्क्यासह. कुठे मूल फारच अडचणीत दिसलं तर १०९८ ही बाल हेल्पलाइन लावा, फोनला पैसे पडत नाहीत. आणि खिडकीच्या आत बसणारे कुणी हे वाचत असाल, तर एवढंच सांगते: तिचा बाप जिवंत आहे, हा तिचा गुन्हा नाही.