आरसीवर चढवलंय का?

पुण्यात सीएनजीची रांग जिथं लागते, तिथं एक काका असतातच. त्यांना गॅस भरायची घाई नसते. टाकी बहुधा निम्म्याच्या वर भरलेली असते. पण रांगेत अडकलेली माणसं आयती सापडतात. काचेवर टकटक होते आणि प्रश्न येतो, "किट बाहेरून बसवलंय ना? आरसीवर चढवलंय का?"

समोरचा "हो" म्हणाला की काका जरा हिरमुसतात. मग, "इन्शुरन्सला कळवलंत?" इथं भलेभले गारद होतात. "अहो, किटचे थर्ड पार्टीचे साठ रुपये जास्तीचे. साठ रुपड्यांपायी क्लेम घालवाल!" त्यातूनही कुणी तरलाच, तर ब्रह्मास्त्र निघतं, "हायड्रो टेस्ट कधी केली?" टाकीत गॅस दोनशे बारच्या दाबानं भरतात आणि दर तीन वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घ्यावी लागते, हे ऐकून मागच्या सीटवरच्या सासूबाई आपण होऊन गाडीतून खाली उतरतात. "उतरलात ते बरं केलंत," काका म्हणतात, "भरताना तसंही उतरायचंच असतं."

काकांची गाडी बीएस-६. तसल्या गाडीला बाहेरून किट बसवायची वाट केंद्रानं मोकळी केली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. त्याआधी नेहमीचा गॅरेजवाला "बसवून टाकू, कोण बघतंय" म्हणाला, तर काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. परवानगी आल्यावर ते दुकानात गेले. मायलेज किती, डिकीत बॅग मावेल का, असले संसारी प्रश्न नाहीत. थेट टाइप अप्रूव्हलचं सर्टिफिकेट मागितलं. दुकानदारानं कौतुकानं झेरॉक्स पुढे केली. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, तारीख पाहिली (ही मंजुरी तीन वर्षांचीच असते), मग बोट ठेवून यादीतून आपलं मॉडेल शोधलं, सीसी ताडून पाहिली. "किट भारी असेल हो, पण या गाडीला मंजूर आहे का?" चांगलं किट कुठल्याही गाडीला चालतं, असं समजणाऱ्या त्या दुकानदाराला पुढं कुणी सर्टिफिकेट मागितलं की अजून दरदरून घाम फुटतो.

पासिंगलाही काका स्वतःच गेले. निरीक्षक टाकीवरचा नंबर वाचायला डिकीत वाकले, तोवर काकांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला. बाहेर झाडाखाली बसणारे एजंट आता त्यांना चहा पाजतात आणि हळूच अडलेलं विचारून घेतात.

रोज सकाळी फिरायला एआरएआय टेकडी. बाकीचे मोरासाठी थांबतात, काका संस्थेच्या फाटकापाशी. किटची चाचणी घेऊन मंजुरी देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक, १९६६ सालची. नातवालाही त्यांनी हे फाटक दाखवलंय. तो बिचारा मोर मोर करत होता.

हेच काका एके काळी मारुती व्हॅनमध्ये स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर टाकून कोकणात जायचे, असं काकू सांगतात. सिलिंडरच्या शेजारी दोन मुलं आणि आंब्याची पेटी.

"तेव्हा नियम नव्हता," काका म्हणतात.

"बंदी होती," काकू म्हणतात.

२००० साली कायदा बदलला, वाहनात एलपीजी चालेल असं ठरलं, तेही वेगळ्या टाकीतून. तेव्हापासून काका पार बदलले. नव्यानं माळ घातलेला माणूस कांद्याचा वास आला तरी उठून जातो, तसं आता कुठं रबरी नळी दिसली की यांचं होतं.

किटचे पैसे वसूल कधी होणार, हे मात्र त्यांना विचारू नये. गाडी जाते मंडईत, बँकेत आणि सीएनजी पंपावर. पण फाइल बघावी! प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, पावतीसुद्धा. अनुपालनाच्या प्लेटवर धूळ बसू नये म्हणून बॉनेटखाली पिवळं फडकं ठेवलेलं.

परवा शेजारच्या जोशांनी नवी गाडी आणली. काकांनी रीतसर विचारलं. जोशी म्हणाले, "कंपनी फिटेड आहे. आरसीवर पेट्रोल-सीएनजी छापूनच आलंय."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत?"

थोडा वेळ ते बंद डिकीकडे बघत उभे राहिले. मग खिशातून डायरी काढली.

"टाकीची टेस्ट तुम्हालाही चुकलेली नाही हं. तारीख सांगा, मी लिहून ठेवतो."