कासवाचं लेकरू

बुलढाणा जिल्ह्यात कासवांना तोटा नाही. गावोगावच्या महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढ्यात एक दगडी कासव असतं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी पाठ गुळगुळीत झालेलं. खामगावच्या सराफ्यात चांदीची मिळतात, अंगठीवरची आणि देव्हाऱ्यातली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून सोडलेलं एखादं जुन्या विहिरीतही असायचं. या सगळ्यांचा मोठा गुण म्हणजे ती कुणाकडे काही मागत नाहीत.

त्यामुळे शेजारच्या घरी जिवंत पिल्लू आलं तेव्हा कुणालाच काही सुचेना. दहाच्या नाण्याहून जरा मोठं, हिरवंगार, डोळ्यामागं लाल पट्टा. सातवीतल्या नातवानं ते अकोल्याहून काचेच्या वाडग्यासकट आणलं होतं. "लकी असतं, उत्तरेला ठेवा" एवढंच शास्त्र दुकानदारानं सांगितलेलं. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली बघून गेली. कुणी पोळीचा कुस्करा आणला, कुणी दुधात भिजवलेले पोहे. "अवो, लेकराले काही खाऊ घालता का नाही?" एकीनं दटावलंच. त्यावर पिल्लानं डोकं आत ओढून घेतलं. सल्ला द्यायला जमलेल्या बायकांपुढं हे जमणारी बाळंतीण आमच्या गल्लीत अजून निपजलेली नाही.

अंड्यातून निघताना या जिवाच्या पोटाशी बलकाची शिदोरी असते. सुरुवातीचे दिवस ते तिच्यावरच निभावतं. कवच फोडायला नाकाच्या टोकाशी एक बारीक काटा असतो, काम झालं की तोही गळून जातो. म्हणजे डबा आणि हत्यार, दोन्ही घरून घेऊन आलेलं हे बाळ. त्याला आपल्याकडून हवं ते फार थोडं: स्वच्छ पाणी, वर चढून बसायला कोरडा दगड आणि ऊन. उन्हाचीही गंमत आहे. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. कवच कडक करणारे अतिनील किरण काच अडवते. सरळ उन्हात ठेवावं, तर मे महिन्यात खामगावात पारा ४४-४५ला टेकतो. वाडग्यातल्या पाण्याचा काढा व्हायला कितीसा वेळ? मग सकाळचं कोवळं ऊन, निम्मी सावली, आणि मांजर येऊ नये म्हणून जवळ स्टुलावर बसलेल्या आजी.

आजी माळकरी. शेगाव हाकेच्या अंतरावर, घरात कांदा-लसूणही जपून. आणि या जातीची पिल्लं मांसाहारी! पाल्याकडं ती वळतात मोठेपणी. नातू परसात गांडूळ शोधतो, आजी तोंड फिरवतात. पिल्लू मान लांब करून घास पकडतं, पुढच्या पायांच्या नख्यांनी ओढून तोडतं आणि पाण्याचा चिखल करून ठेवतं. एकादशीला त्याला उपास घडवायचा, अशी तडजोड झाली आहे. द्वादशीचं पारणं अर्थात गांडुळानं.

गल्लीतले एक निवृत्त वनपाल चष्मा लावून आले, पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं आणि सुटल्यासारखे म्हणाले, "चांदणीवालं नाही." पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरी ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. विहिरीतलं कासवही त्याच कायद्यात येतं. हे लाल पट्टीचं मात्र अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. चार इंचांहून लहान कासवं विकायला अमेरिकेनं १९७५ सालीच बंदी घातली, कारण पोरं ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाच्या जंतूंनी आजारी पडत. बाहेर पाठवायला मात्र मोकळीक होती. आपल्या घरात नको ते दुसऱ्याच्या घरी लकी म्हणून द्यायचं, ही रीत केवळ आपलीच नाही तर! वनपाल जाताना एवढंच बजावून गेले: हात लावला की साबणानं धुवा, आणि कंटाळा आला म्हणून येळगावच्या नाही तर ज्ञानगंगेच्या धरणात सोडू नका, ते देशी कासवांच्या तोंडचा घास पळवतं.

कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते, हे आजींनी कीर्तनात शंभरदा ऐकलेलं. संतांच्या ओव्या-अभंगांत ती कासवी जागोजागी भेटते. खरी कासवी अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लाचं तोंडही बघत नाही. हे मी सांगितलं तर आजी चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ते नाही पाहत, म्हणूनच तं मी पाहून रायली ना."

कोकणात वेळासला हे नजरेनं पोसणं आख्खं गाव करतं. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, २००२ साली तिथं सागरी कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी किनाऱ्यावरची अंडी पळवली जात. आता ती जाळीच्या कुंपणात खड्डे करून पुरतात आणि ४५ ते ६० दिवस वाट पाहतात. पिल्लं निघाली की वाळूवर सोडतात. दुरून आलेली माणसं दोरीमागं ताटकळत उभी, आणि पिल्लं आपापल्या पायांनी लाटेकडं. नर होणार की मादी हेही तिथं वाळूच ठरवते: तापली तर माद्या, गार राहिली तर नर. यावर आजी म्हणाल्या, "मंग आपल्या खामगावात तं साऱ्या पोरीच निघतीन."

सध्या पिल्लू दगडावर चढून मागचे दोन्ही पाय हवेत ताणतं, बोटं फाकवतं आणि डोळे मिटून घेतं. बघणाऱ्याला वाटावं, आता उडणार. ते वाढून परातीएवढं होणार आणि तीस वर्षंही जगू शकतं, असं कळल्यापासून घरात वेगळाच विषय निघाला आहे. नातू चार-पाच वर्षांत शिकायला पुण्याला जाईल. मग टाकी कुणाकडं? आजींच्या थोरल्या मुलानं धाकट्याचं नाव घेतलंय, धाकटा म्हणतो पोरगं तुझं, कासवही तुझंच. याच भावांनी आठ एकराची वाटणी एका दुपारी, चहा निवायच्या आत उरकली होती.