साहसाची सोय आहे

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा रुक्ष आहे असे कोण म्हणतो? कलम २९ वाचा. अपंग कलावंतांना पाठबळ, नृत्य, चित्रकलेचे वर्ग, शिवाय मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रमसुद्धा! जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगपुरते बोलायचे, तर यातल्या शेवटच्या बाबीसाठी सरकारला दमडी खर्चावी लागणार नाही. या रानमुलखात ऐन पावसाळ्यात चाकाची खुर्ची घेऊन घराबाहेर पडावे, साहस आपोआप घडते. प्रमाणपत्र तेवढे द्यायचे राहिले.

उरली कला. तिच्यासाठी ३ डिसेंबर, म्हणजे जागतिक अपंग दिन, राखून ठेवलेला असतो. अशा कार्यक्रमांची तऱ्हा ठरलेली. व्यासपीठाला पायऱ्या, म्हणून गाणाऱ्याला चौघे उचलून वर ठेवतात. फोटोत ते चौघेच ठळक येतात. (जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली, पण पायऱ्यांना कोण सांगणार?) पाहुणे पाऊण तास बोलतात, गाण्याचे मात्र एकच कडवे होते. मग शाल, नारळ आणि जिद्दीला सलाम. सूर लागला की नाही, हे विचारणे असभ्यपणाचे मानतात.

डॉ. विकास आमटे यांनी आनंदवनात उभा केलेला ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद अपंग कलावंतांचाच. पण ते अख्खा कार्यक्रम सादर करतात. असल्या मंडळींना बोलावले, तर पाहुण्यांनी बोलायचे केव्हा?