वटवट्यांचे सर

धडगावला बदली झाली की सरकारी माणसाला आधी देव आठवतो, मग ओळखीचा आमदार. आमच्या सरांनी मात्र ऑर्डर हातात पडताच विचारलं, "तिकडे झाडी बरी आहे ना?" बदल्यांचे कितीतरी हंगाम आले-गेले, सर हलले नाहीत. पावसाळा सरता सरता सातपुड्यात हिमालयाकडून सात-आठ ग्रॅमचे पाहुणे उतरतात. त्यांची ओळखपरेड कोण घेणार?

पाहुणे म्हणजे वटवटे. रंग मळकट हिरवा, डोळ्यावर फिकट भुवई आणि एका जागी बसायचं नाही अशी शपथच घेतलेली. हिरवट पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी, ह्यूमच्या वटवट्याला दोन. इतक्यावर भागलं असतं तर सर रात्री सुखानं झोपले असते. पण पिसं झिजली की पट्टीही झिजते. दोनाची एक होते, एकीची एकही उरत नाही. मग सर महूच्या झाडाखाली मान मोडेस्तोवर वर बघत उभे. बाजाराला निघालेली माणसं थांबतात, तीही वर बघतात. "पोळं दिसलं का, सर?" सर ओठांवर बोट ठेवतात. माणसं पोळं नक्की आहे असं समजून आणखी थांबतात.

याच सरांना घरून आमचूर आणायला सांगितलं तर सुंठीची पूड येते. तीही धडगावात, जिथं उन्हाळ्यात अंगणोअंगणी कैरीच्या फोडी वाळत असतात!

रानपिंगळ्यासाठी येणाऱ्या हौशी मंडळींवर सरांचा विशेष राग. 1884 नंतर ज्याचा खात्रीचा पत्ता नव्हता तो हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तेव्हापासून लांबलचक लेन्सा इकडे फिरकू लागल्या. सर म्हणतात, "साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके, याचं डोकं जवळपास कोरं. वर फांदीवर निवांत बसून राहतो. यात ओळखायचं काय?"

फोटो दाखवला की सर फोनकडे बघतही नाहीत. "आवाज कसा होता?" अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं एकसारखे दिसणारे तीन पर्णवटवटे गाण्यावरून वेगळे काढले, हे ते गावच्या चुलत्याची गोष्ट सांगावी तसं सांगतात. हिरवट पर्णवटवट्या झाडाच्या शेंड्याकडून 'ची-वी' करतो. ब्लिथचा बोरू वटवट्या खाली झुडपात दडून 'चक्' एवढंच म्हणतो.

या 'चक्'नं सरांचा घात केला. स्टाफ मीटिंगमध्ये मतदारयादीचं काम कोण घेणार, हा प्रश्न पडला होता. सगळ्यांच्या नजरा जमिनीला. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या घाणेरीतून 'चक्' झालं आणि सरांनी गप्प बसा म्हणून हात वर केला. नाव लिहिलं गेलं. पुढचे रविवार सर घरोघर फिरले. यादी वेळेत पूर्ण झाली, समासात प्रत्येक पाड्यावरच्या वटवट्यांची नोंदही होती. तपासणाऱ्या साहेबांनी ते मतदार आहेत का, असं लेखी विचारलं.

तुम्ही हिवाळ्यात तिकडे जाणार असाल तर सरांना जरूर भेटा. फोटो नेऊ नका, आवाज टिपून न्या. आणि दुकानातून काही आणायचं असेल तर स्वतः जा.